दहावीला राहिला, आता पुढे काय?



एरवी या पानाकडे येणारी पत्रे गाय गाभण राहत नाही, बांधावरून भाऊबंदकी लागली, सासूचे गुडघे धरले, अशा विषयांची असतात. मे महिन्यात दहावी-बारावीचे निकाल लागले की टपाल बदलते. ज्याच्या घरी पेढे वाटले तो पत्र लिहायला बसत नाही. ज्याच्या घरात त्या दिवशी चूल गप्प राहिली, तो लिहितो.

यंदाच्या पत्रांतली तीन पत्रे बहुतेक घरांना लागू पडतील अशी आहेत. पहिले पत्र एका बापाचे. पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलगा गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत राहिला. "त्याच्या नशिबात शिक्षण नाही. पेरणीला माणूस हवेच आहे, आता शाळा बंद करतो," असे ते लिहितात. दुसरे पत्र एका आईचे. मुलीचा एकच विषय राहिला, पण घरात स्थळाच्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. तिसरे पत्र तेवीस वर्षांच्या एका तरुणाचे. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात, त्यांच्याबरोबर जाता जाता नववीतच त्याची शाळा सुटली. आज तो गॅरेजमध्ये काम करतो. "आता दहावीला बसलो तर लोक हसतील का, आणि बसून उपयोग काय?" असे त्याने विचारले आहे.

तिघांनाही एकच सांगणे आहे. वेळ गेली ती गेली, तिचा हिशेब मांडत बसू नका. पण दहावीचा कागद हातात आल्याशिवाय शिक्षणाचा नाद सोडू नका. वर्ष उशिरा मिळालेला दाखला आणि वेळेवर मिळालेला दाखला, दोन्ही कागद सारखेच असतात. नसलेला दाखला मात्र जन्मभर आडवा येतो. हे नुसते धीर देण्यासाठी सांगत नाही. वाटा कोणत्या आहेत आणि त्यांची दारे कधी उघडतात, कधी मिटतात, ते नीट पाहू.

आधी गुणपत्रक वाचा

मुलगा 'नापास' झाला असे आपण एका शब्दात म्हणतो आणि मोकळे होतो. गुणपत्रक उघडून फारसे कुणी पाहत नाही. दहावीला सहा विषय. त्यांतले दोन राहिले म्हणजे चार सुटले. ते चार पुन्हा द्यावे लागत नाहीत. मुलाला फक्त राहिलेल्या दोन विषयांचा पेपर द्यायचा असतो. सहा एकरांपैकी दोन एकरांत उगवण झाली नाही म्हणून सगळ्या रानावर नांगर कोणी फिरवत नाही. तेवढ्या दोन एकरांत दुबार पेरणी करतो.

दहावीची दुबार पेरणी म्हणजे पुरवणी परीक्षा. पूर्वी ही परीक्षा ऑक्टोबरमध्ये असे, म्हणून जुनी माणसे 'ऑक्टोबरची वारी' म्हणत. त्या वारीत सबंध वर्ष जाई, कारण निकाल येईपर्यंत अकरावीचा वर्ग अर्धा संपलेला असे. २०१५ सालापासून दहावीची फेरपरीक्षा जुलैच्या सुमारास घेऊ लागले. बारावीचीही आता त्याच दिवसांत होते. मे महिन्यात निकाल, जूनअखेर किंवा जुलैत परीक्षा, असा साधारण क्रम आहे. मुलगा त्यात निघाला तर त्याच वर्षी अकरावीला किंवा आयटीआयला जाता येते. म्हणजे ज्याला आपण 'वर्ष वाया गेले' म्हणतो, ते पुष्कळदा वाया गेलेले नसते. आपण हातपाय गाळून बसतो म्हणून जाते.

पण अर्जाची मुदत फार थोडी असते. निकालानंतरचे पहिले पंधरा दिवस घरातले रुसवे-फुगवे, लग्नसराई आणि बी-बियाणे यांत निघून जातात आणि तेवढ्यात तारीख उलटते. निकाल लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मुलाला घेऊन त्याच्या शाळेत जा. राहिलेल्या मुलाचा पुरवणीचा अर्ज त्याच्या शाळेमार्फतच भरला जातो. मुख्याध्यापकांसमोर जायला मुलाला लाज वाटते, म्हणून बापाने बरोबर जावे. एखाद्या विषयात अगदी थोड्या गुणांनी राहिला असेल तर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रतही मागवता येते. त्याचीही मुदत छोटीच असते.

आता खरी अडचण. पुरवणी परीक्षा येते आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात. पेरणी, कोळपणी, खुरपणी, सगळे तेव्हाच. घरात राहिलेला मुलगा आयताच सापडतो. "दिवसभर घरी बसून काय करतोस, चल रानात," असे आपण म्हणतो, आणि मग तो पुन्हा राहिला की "बघा, डोकेच नाही," असेही आपणच म्हणतो. पहिल्या पत्रातल्या दादांना माझी हात जोडून विनंती आहे. पेरणीचे चार-सहा दिवस त्याला जरूर न्या. शेतकऱ्याच्या मुलाने पेरणीच्या दिवशी घरात बसावे असे मीही म्हणणार नाही. पण एरवी पहाटेचे दोन तास आणि दुपारनंतरचे दोन तास त्याचे राहू द्या. परीक्षेआधीचे पंधरा दिवस त्याला रानात बोलावू नका. तेवढ्या दिवसांची एका माणसाची मजुरी काढा आणि तो खर्च समजा. बियाण्याला खर्च करतो तसाच.

गणिताची भीती वाटणाऱ्या मुलाला एवढे सांगा. गणिताचे शंभर गुण तीन वाट्यांत असतात. बीजगणित चाळीस, भूमिती चाळीस आणि शाळेकडचे अंतर्गत वीस. सगळे पुस्तक पाठ करायचे नाही. मागच्या पाच वर्षांचे पेपर घ्यावेत, त्यांत पुन्हा पुन्हा येणारी उदाहरणे वहीत उतरवावीत आणि तीच रोज सोडवावीत. बालभारतीची पुस्तके मोबाइलवर फुकट मिळतात. मोबाइल घरात आहेच, तो निदान या कामाला लागू द्या. गावात बारावी शिकलेली एखादी मुलगी, एखादा मुलगा असतोच. त्याला संध्याकाळी तासभर बसवायला सांगा. शेजारधर्म अशा वेळीच उपयोगी पडतो.

एक-दोन विषय राहिले तरी अकरावी

दुसऱ्या पत्रातल्या ताईंनी हे मुद्दाम वाचावे. एक किंवा दोन विषय राहिलेल्या मुलामुलींना अकरावीत तात्पुरता प्रवेश घेता येतो. याला एटीकेटी म्हणतात. अकरावीचा वर्ग करता करता राहिलेला विषय सोडवायचा. तो सुटेपर्यंत बारावीची वाट मोकळी होत नाही, हे लक्षात ठेवावे. तरी मुलगी घरी बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरे. तिची वहिवाट मोडत नाही, मैत्रिणी सुटत नाहीत आणि तिचे नाव कॉलेजच्या पटावर राहते. पटावर नाव असले की खेड्यातल्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो.

आणि ताई, स्थळाचे म्हणाल तर मुलीचे वय अठरा पूर्ण नसताना लग्न करणे हा गुन्हा आहे. २००६ सालचा कायदा आहे. तो लावून देणाऱ्यांनाही, मांडवात पुढाकार घेणाऱ्यांनाही लागू होतो. गावचे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच त्यासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ या फोनवरही कळवता येते. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवून दुसरा हिशेब करा. गावात राहून, घर-शेत सांभाळून करता येण्याजोगे काम म्हणजे अंगणवाडीचे. पूर्वी अंगणवाडी सेविकेला दहावी चालत असे आणि मदतनीस बाईला त्याहून कमी शिक्षण पुरे होई. २०२३ पासून दोघींनाही बारावी लागते. म्हणजे दहावीच्या एका विषयावर जी मुलगी घरी बसली, तिला उद्या सासरच्या गावात अंगणवाडीची जागा निघाली तरी अर्ज करता येणार नाही. घरात काय आले-गेले सांगता येत नाही. नवरा आजारी पडला, पीक बुडाले, तर तिच्या हातात काय? एक विषय सोडवायला लागतील फार तर सहा महिने. तेवढे तिला द्या.

पुढे बारावी होऊन मुलगी एखाद्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागली, तर २०२४-२५ पासून ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतील मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. गरिबीचे कारण आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही.

शाळा सुटून वर्षे झाली असतील तर

आता गॅरेजमधल्या भावाचा प्रश्न. बाबा रे, लोक हसतील का, याचे उत्तर असे की चार दिवस हसतील. पुढे त्यांचेच पोर राहिले की तुलाच विचारायला येतील. उपयोग काय, ते खाली सांगतो. आधी वाट सांगतो.

तू परीक्षेला कधी बसलाच नाहीस, म्हणून तुला शाळेचा विद्यार्थी म्हणून नव्हे, बाहेरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बसावे लागेल. याचा अर्ज '१७ नंबरचा फॉर्म' म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. हा आपल्या राज्य मंडळाचाच अर्ज आहे, आता ऑनलाइन भरतात. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी हा फॉर्म आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात निघतो आणि थोड्या महिन्यांत बंद होतो. दिवाळीनंतर जागे झालात तर बहुधा वर्ष गेले म्हणा. त्यासाठी मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. आधार कार्ड, फोटो आणि फी एवढे झाले की जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. अभ्यासाची माहिती, तोंडी आणि प्रात्यक्षिके तिथे होतात. बारावी कला किंवा वाणिज्य शाखेलाही असे बाहेरून बसता येते.

दुसरी वाट मुक्त विद्यालयाची. केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला एनआयओएस म्हणतात, ती १९८९ पासून चालू आहे. तिची दहावी मराठीतूनही देता येते. तिचे सोयीचे असे की वर्षातून दोनदा परीक्षा होते, एकदा नाव घातले की पाच वर्षे ते चालते, आणि एका वेळी एक-दोनच विषय दिले तरी चालतात. मजुरी करून शिकणाऱ्याला हे फार उपयोगाचे आहे. आपल्या राज्य मंडळाचेही मुक्त विद्यालय आहे. त्यात पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी या पातळ्यांच्या परीक्षा देता येतात. चौथी-पाचवीतून शाळा सुटलेल्यालाही तिथे पायरी-पायरीने वर येता येते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. एनआयओएसमध्ये पाच विषय निवडायचे असतात आणि गणित घेतलेच पाहिजे असे नाही. गणिताला घाबरलेला मुलगा ते सोडून पास होतो आणि आनंदात राहतो. पण पुढे डाकघरातील ग्रामीण डाक सेवकाची जागा निघाली की तिला दहावीचे गणित आणि इंग्रजी लागते. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला गणित आणि विज्ञान लागते. म्हणून ज्याचे वय अजून लहान आहे, पुढे नोकरीला अर्ज करायचे आहेत, त्याने गणित-इंग्रजी टाळू नये. एक वेळ दोनदा राहिले तरी चालेल. ज्याला केवळ दाखल्यापुरती दहावी हवी आहे, त्याने खुशाल सोपे विषय घ्यावेत.

आणखी एक. 'परीक्षा न देता दहावी-बारावी पास करून देतो' अशा जाहिराती तालुक्याच्या भिंतींवर दिसतात. भलत्याच नावाच्या कुठल्या तरी बोर्डाचे छापील गुणपत्रक हातात देतात आणि हजारो रुपये घेतात. ते नोकरीच्या पडताळणीत टिकत नाही, वर खोट्या कागदाचा गुन्हा मुलाच्याच अंगावर येतो. राज्य मंडळ, त्याचे मुक्त विद्यालय आणि एनआयओएस ही तीन नावे पाठ करून ठेवा. चौथे नाव कोणी घेतले तर आधी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, मग पैसे काढा.

दाखल्याचा उपयोग काय

आता उपयोगाचे सांगतो. गावातल्याच जागा पाहू. पोलीस पाटील व्हायचे तर दहावी पास हवा आणि वय पंचवीस ते पंचेचाळीस. म्हणजे तेविसाव्या वर्षी दहावी झालेल्याला उशीर झालेलाच नाही. ग्रामीण डाक सेवकाला दहावी, वय अठरा ते चाळीस, आणि निवड दहावीच्या गुणांवर. दहावीनंतर कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीतल्या कृषी तंत्र विद्यालयांत दोन वर्षांचा मराठी माध्यमाचा पदविका अभ्यासक्रम आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठे. खत-औषधाचे दुकान टाकायचे म्हटले तरी आता शेतीचे काही रीतसर शिक्षण किंवा प्रशिक्षण दाखवावे लागते. 'शेतीच करायची तर शिक्षण कशाला' हे म्हणणे त्यामुळे फिके पडत चालले आहे.

याच्या उलट जिथे वयाची दोरी आखूड आहे, त्या जागा ओळखून ठेवा. सैन्यात अग्निवीर म्हणून जायचे तर साडेसतराव्या वर्षी दार उघडते आणि विशी ओलांडली की लवकरच मिटते. साध्या शिपायाच्या भरतीला नुसती दहावी पुरत नाही, एकूण ४५ टक्के लागतात. पोलीस शिपायाला बारावी लागते आणि खुल्या गटाला अठ्ठावीसपर्यंत, मागास गटाला तेहतीसपर्यंत वय चालते. ज्या मुलाला वर्दीचीच हौस आहे, त्याने एकही पुरवणी परीक्षा चुकवू नये. त्याच्यासाठी प्रत्येक महिना मोलाचा आहे. ज्याला पदवी घ्यायची आहे, त्याला तेवढी घाई नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. बारावी झाल्यावर तिथे कोणत्याही वयात बी.ए., बी.कॉम. करता येते. आई आणि मुलगी एकाच वर्षी पदवीला बसल्या तरी विद्यापीठाची हरकत नसते.

आयटीआय : मधला पूल

पुस्तकात मन रमत नाही पण हात चालतात, अशी मुले आपल्याकडे पुष्कळ. मोटर बिघडली की तोच उघडून बसतो, ट्रॅक्टरचा आवाज ऐकून दुखणे ओळखतो. अशा मुलाला आयटीआय हे उत्तम ठिकाण. बहुतेक व्यवसायांना दहावी पास लागते. पण वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुतारकाम अशा काही व्यवसायांना दहावी राहिलेलाही चालतो. चौदा वर्षे पूर्ण असली की पुरे. प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन सुरू होतात. कोणत्या व्यवसायाला काय लागते, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे किंवा थेट तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारावे. तिथली माणसे सांगतात.

इथे पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी. आठवीच्या पायावर दोन वर्षांचा आयटीआय व्यवसाय, जसा वायरमनचा, पूर्ण केला आणि एनआयओएसमधून एक भाषा आणि आणखी एक विषय दिला, तर दहावीच्या बरोबरीचा दाखला मिळतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर तशाच रीतीने बारावीची बरोबरी मिळते. शिवाय दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो आणि पदविका झाली की अभियांत्रिकीच्या पदवीलाही तसेच थेट दुसऱ्या वर्षात. म्हणजे वेल्डरच्या हातमोज्यातून इंजिनिअरच्या टेबलापर्यंत रस्ता आहे. लांबचा आहे, पण तुटलेला नाही. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करावी. १९६१ च्या कायद्याने कारखाने, एसटी महामंडळ, वीज कंपनी अशा ठिकाणी शिकाऊ उमेदवार घेतात आणि विद्यावेतन देतात. शिकता शिकता घरी चार पैसेही येतात.

गॅरेजमधल्या भावाने हे मनावर घ्यावे. तुझ्या हातात कसब आहेच. नसलेली गोष्ट कागद आहे. कागद नसलेल्या कसबी माणसाला मालक ठरवील तो पगार घ्यावा लागतो. कागद असलेला दुसरीकडे जाऊ शकतो. हा फरक महिन्याच्या महिन्याला पगाराच्या पाकिटात दिसतो. चाकण, वाळूज, सिन्नरच्या कारखान्यांत कंत्राटदार मुले भरतो, तेव्हाही आयटीआयवाला आणि नुसता 'हेल्पर' अशा दोन रांगा असतात. हेल्परच्या रांगेतून दुसऱ्या रांगेत जायला पुढे फार जड जाते.

ऊसतोडीच्या घरांसाठी

बीड, नगर, जळगाव आणि शेजारच्या भागांतून दिवाळीच्या सुमारास जी बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दहावी-बारावीची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे या घरांतली मुले डोक्याने कमी नसतात, परीक्षेच्या हंगामात ती कोयत्याबरोबर फडात असतात. नववी-दहावीचे मूल असेल तर त्याला गावी ठेवण्याची सोय निघण्याच्या आधी करा. आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे ठेवा. नाहीतर शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात अर्ज करा. मुलगी मोठी असेल, मागे ठेवायला भीती वाटते, हे मी समजू शकतो. त्यासाठीच वसतिगृह. उचल घेतानाच मुकादमाला सांगा की मूल येणार नाही. एका कोयत्याला दोन माणसे धरतात, त्यात मुलाचा हिशेब नसतोच. पण मूल बरोबर असले की मोळ्या बांधायला, वाढे गोळा करायला ते आपोआप लागते आणि शाळा सुटते.

कागद सांभाळा

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, जातीचा दाखला, आधार कार्ड हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा. धान्याच्या कणगीत किंवा छपराच्या वाशाला अडकवू नका. उंदीर आणि पाऊस दोघांनाही कागद आवडतो. नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव सगळ्या कागदांवर एकसारखे आहे का ते आताच पाहा. चूक असेल तर मूल शाळेच्या पटावर असतानाच दुरुस्त होते, शाळा सुटल्यावर फार हेलपाटे पडतात. मधे एक-दोन वर्षे गेली असतील तर पुढच्या प्रवेशाला गॅपचे प्रतिज्ञापत्र मागतात. मधल्या काळात शेती केली, आजारी होतो, जे खरे असेल ते लिहायचे. त्याला घाबरण्याचे कारण नाही, ते सेतू केंद्रात होते.

घरातले बोलणे

शेवटचे, आणि मला वाटते सर्वांत मोलाचे. निकालाच्या आठवड्यात काही मुलांनी टोकाचे पाऊल उचलल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ती मुले पेपराला भीत नव्हती, घरी जायला भीत होती. आपल्या जिभेवर ताबा ठेवा. चुलतभावाच्या टक्केवारीचा दाखला देऊ नका. "तुझ्यापायी कर्ज काढले" हे वाक्य त्या आठवड्यात तोंडातून काढू नका. मूल गप्प झाले, जेवेना, एकटे रानात जाऊन बसू लागले, तर कोणी तरी सतत जवळ असा. औषधाचे डबे कुलपात ठेवा. ते तसेही कुलपातच असायला हवेत. सरकारची टेलिमानस म्हणून फोनसेवा आहे, तिचा क्रमांक १४४१६. फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. मुलाने लावावा, आईबापांनीही लावावा. त्यात कमीपणा नाही.

आपण शेतकरी माणसे. पाऊस लांबला म्हणून कोणी औत मोडून सरपण करत नाही. वापसा येण्याची वाट पाहतो आणि पुन्हा तिफण धरतो. मुलाच्या बाबतीत एवढाच धीर धरायचा आहे.

तेव्हा हा अंक वाचून बाजूला ठेवण्यापूर्वी एक काम करा. घरात कोणाची दहावी-बारावी राहिली असेल, मग तो मुलगा असो, सून असो की तुम्ही स्वतः, त्याचा दाखला आणि गुणपत्रक शोधून काढा आणि सोमवारी शाळा उघडली की तिथे जाऊन विचारा, "पुढची परीक्षा कधी आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती?" ती तारीख घरातल्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवा.

कुठे अडले तर पत्र पाठवा. कितवी झाली, कोणते विषय राहिले आणि वय किती, एवढे जरूर लिहा, म्हणजे नेमके उत्तर देता येईल. पोस्टाने पाठवलेत तरी चालेल. नाव छापू नका असे कळवले तर नाव छापले जाणार नाही.